फोटोखालची ओळ कोण लिहिणार?

अन्याय-अत्याचाराची घटना घडली की आज सर्वांत आधी फोटो पोहोचतो. कार्यकर्ता त्यानंतर आणि फिर्याद त्याहूनही उशिरा. काही वर्षांपूर्वी अ‍ॅट्रॉसिटीच्या एका खटल्यात मी सरकारी वकिलांना साहाय्य करीत होतो. वस्तीतील जळालेल्या घराचे फोटो गावातील प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये होते. परंतु ते काढले कोणी, केव्हा, कोणत्या मोबाईलवर, हे सांगणारा साक्षीदार मिळेना. ज्या पोराने ते काढले होते तो पोटापाण्यासाठी पुण्याला गेला होता आणि मोबाईल त्याने विकून टाकला होता. शेकडो लोकांनी पाहिलेले दृश्य न्यायालयापुढे उभेच राहू शकले नाही. दोष त्या पोराचा नव्हता. त्याचे नाव वेळीच लिहून न घेणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांचा होता.

फोटोखालच्या ओळीचे मोल काय असते, हे समजण्यासाठी अमेरिकेतील दोन छायाचित्रे पाहावीत. १९३० च्या दशकातील महामंदीत ग्रामीण गरिबांची अवस्था टिपण्यासाठी तेथील सरकारने छायाचित्रकार नेमले होते. रॉय स्ट्रायकर हे त्या विभागाचे प्रमुख. मार्च १९३६ मध्ये डोरोथिया लँग या छायाचित्रकर्तीने कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीत एका आईचा फोटो काढला. चिंतेने काळवंडलेला तिचा चेहरा आणि तिच्या खांद्याआड तोंड लपवलेली मुले. 'मायग्रंट मदर' या नावाने तो जगभर गेला. वृत्तपत्रात बातमी आल्यावर छावणीत अन्न पोहोचले, पण तोवर ते कुटुंब पुढच्या मुक्कामाला निघून गेले होते. लँगची कळकळ खोटी नव्हती. मात्र तिने त्या बाईचे नाव विचारले नव्हते. ते जगाला कळले १९७८ मध्ये, म्हणजे तब्बल ४२ वर्षांनी! फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन ही चेरोकी या आदिवासी जमातीची स्त्री होती. आपल्या चेहऱ्यावर जग हळहळले, आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, ही तिची तक्रार होती.

दुसरे छायाचित्र त्याच विभागातील, १९४२ सालचे. गॉर्डन पार्क्स हा कृष्णवर्णीय तरुण रेल्वेत वेटरचे काम करीत असताना मासिकातील स्थलांतरित मजुरांचे फोटो पाहून पेटून उठला आणि त्याने जुना कॅमेरा विकत घेतला. वॉशिंग्टनला आल्यावर स्ट्रायकर यांनी त्याला कॅमेऱ्याविना शहरात पाठवले. उपाहारगृह, दुकान, चित्रपटगृह, सगळीकडून वर्णामुळे त्याला हाकलले गेले. तो संतापून परतला, तेव्हा स्ट्रायकर यांनी त्याला कार्यालयात फरशी पुसणाऱ्या बाईशी आधी बोलायला सांगितले. तिचे नाव एला वॉटसन. राष्ट्रध्वजापुढे, एका बाजूला झाडू आणि दुसऱ्या बाजूला फरशी पुसण्याचा पोचा घेऊन ती उभी राहिली. समतेची ग्वाही देणारा ध्वज आणि हातातला झाडू! पार्क्स तेवढ्यावर थांबला नाही. अनेक आठवडे तो तिच्या घरी, वस्तीत, चर्चमध्ये जात राहिला. त्या फोटोंखालच्या मजकुरात तिचे नाव आहे, २६ वर्षांची सरकारी नोकरी आहे आणि सहा जणांचे कुटुंब ज्यावर चालते तो वर्षाचा १०८० डॉलर पगारही आहे. पहिल्या फोटोत आपल्याला दया येते. दुसऱ्यात व्यवस्था आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते.

एला वॉटसनच्या हातातला झाडू आपल्याला परका नाही. मुंबईचे छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचे जगणे, कामावरचे आणि घरचेही, वर्षानुवर्षे कॅमेऱ्यात टिपले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण रोजच्या वर्तमानपत्रात काय छापून येते? उघडे मॅनहोल, दोरी, बघ्यांची गर्दी आणि खाली 'गुदमरून मृत्यू' एवढेच शब्द. त्याला आत कोणी उतरवले? कंत्राट कोणाचे? साधने दिली होती काय? २०१३ च्या कायद्याने हाताने मैला उचलण्याच्या प्रथेवर आणि सुरक्षा साधनांविना गटारात माणूस उतरवण्यावर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, १९९३ पासूनच्या अशा मृत्यूंसाठी १० लाखांची भरपाई ठरवली आणि २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. पण दोषी ठरवताना नवरा कोणाच्या सांगण्यावरून आत उतरला, हे दाखवावे लागते. ते फोटोखालच्या ओळीतच असते.

म्हणून चळवळीतील तरुणांना माझे सांगणे आहे. फोटो जरूर काढा, पण त्याच दिवशी वहीत तारीख, वेळ, ठिकाण, काढणाऱ्याचे नाव आणि हजर असलेल्यांची नावे लिहा. मूळ मोबाईल जपा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेली प्रत म्हणजे मूळ फोटो नव्हे. जालन्याच्या निवडणूक वादातून निघालेल्या खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले की, मूळ उपकरण हजर न करता प्रत दाखल करायची तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची अट आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने हवा तो फोटो बनवता येण्याच्या या काळात तर वहीतील नोंदीचे मोल दुप्पट झाले आहे.

आणखी एक. ज्याचा फोटो आहे त्याला विचारा. आईला मुलाच्या मृत्यूची खबर लागण्याआधी त्याच्या प्रेताचा फोटो फिरवणे ही चळवळ नव्हे. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे तर गुन्हाच आहे. प्रतिष्ठेसाठी लढणाऱ्यांनीच आपल्या माणसाची प्रतिष्ठा चव्हाट्यावर मांडायची काय?

बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक' काढला, कारण आपली बाजू दुसरा कोणी मांडील या भरवशावर राहणे त्यांना मान्य नव्हते. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. त्याखालची ओळही आपल्यालाच लिहावी लागेल. ती आपण लिहिली नाही, तर आपल्या माणसाचे नाव कळायला पुन्हा ४२ वर्षे जातील.