वृद्ध मेंदूचे प्रमाणचित्र

‘साठी बुद्धी नाठी’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. घरातील वडीलधाऱ्यांना विसर पडू लागला की या म्हणीने विषय मिटतो. परंतु तो विसर वयाचा की व्याधीचा, हे शोधू पाहणाऱ्या संशोधकाला आधी एक साधी गोष्ट ठाऊक असावी लागते : निरोगी वृद्धाचा मेंदू दिसतो कसा?

कोणतेही दोन मेंदू आकाराने व घड्यांच्या मांडणीने सारखे नसतात. त्यांची तुलना करण्यासाठी सर्व एका समान नकाशावर आणून बसवावे लागतात. हा नकाशा म्हणजेच प्रमाणचित्र. १९८८ साली तालेराक व तूर्नू यांनी प्रसिद्ध केलेला नकाशासंग्रह ६० वर्षांच्या एकाच स्त्रीच्या मृत्यूत्तर मेंदूवरून रचलेला होता. १९९० नंतरच्या दशकात कॅनडातील माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटने ३०५ व्यक्तींच्या एम.आर.आय. चित्रांची सरासरी काढली. एकाच्या जागी अनेक आले. मात्र ते बहुतेक तरुण होते.

वयाबरोबर मेंदू थोडा आकसतो, घड्यांमधील खाचा रुंदावतात, आतील द्रवाच्या पोकळ्या मोठ्या होतात. हा वयोधर्म होय, रोग नव्हे. असा मेंदू तरुणाच्या नकाशावर बसविताना संगणकाला तो फार ताणावा लागतो. या ओढाताणीत हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित लहानशा भागाच्या सीमा चुकू शकतात. अल्झायमरच्या व्याधीत तोच भाग लवकर झिजू लागतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या चुकीचे गांभीर्य कळते.

म्हणून वृद्धांचे स्वतंत्र प्रमाणचित्र हवे. त्यासाठी अनेक निरोगी वयस्क स्त्री-पुरुषांची चित्रे घेतात, ती एका दिशेत व एका मापात आणतात, बारीक भाग जुळवितात आणि सरासरी काढतात. त्या सरासरीशी प्रत्येक चित्र पुन्हा जुळवितात. चित्र स्थिरावेपर्यंत हा क्रम चालतो.

२०१९ साली हैदराबादच्या ट्रिपल आय.टी.तील संशोधकांनी १०० भारतीयांच्या चित्रांवरून भारतीय मेंदूचे प्रमाणचित्र सिद्ध केले. तेही तरुणांचेच. प्रमाणचित्र म्हणजे रोगनिदान नव्हे. ते केवळ तुलनेचे माप आहे. पण ते माप मिळावयाचे तर निरोगी आजी-आजोबांनीच त्या यंत्रात काही वेळ निश्चल पडून राहावयास हवे.