चूल, मूल आणि कॅमेरा

आमच्या बोरी-जिंतूर पट्ट्यात मंगल परिणय असो की भीमजयंतीची मिरवणूक, फोटो काढणारा हमखास पुरुषच असतो. मुलगी चांगले फोटो काढते हे कौतुक तिच्या लग्नापर्यंत टिकते. मूल झाले की कॅमेरा कपाटात जातो आणि लोक म्हणतात, संसारात रमली! उलट बायको जिल्हा परिषदेत शिक्षिका आणि फोटोग्राफर नवरा घरी राहून लेकरू सांभाळतो असे झाले, तर पारावर त्याला बायकोच्या जिवावर बसून खाणारा ठरवतात. दोन्ही बोलण्यांमागची मनुवादी मानसिकता एकच. खेद याचा की, बाबासाहेबांच्या प्रतिमेखाली बसूनही ती बोलली जाते.

होमाई व्यारावाला हे नाव आपल्या तरुणींना माहीत असावे. 1913 साली नवसारीत जन्म, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिक्षण. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्या ओळखल्या जातात. 1942 मध्ये त्या दिल्लीला गेल्या. बाबासाहेबही त्याच वर्षी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री म्हणून दिल्लीत आले होते. त्याच सुमारास होमाईंना मुलगा झाला. संसार आणि मूल सांभाळून त्या साडी नेसून, खांद्यावर जड कॅमेरा घेऊन राजधानीभर फिरत राहिल्या. पती माणेकशा त्यांना डार्करूममध्ये साथ देत. 1956 मध्ये दलाई लामा नथू ला खिंडीतून प्रथमच भारतात आले, तो क्षण टिपायला होमाई सिक्कीमला गेल्या होत्या. घरचा माणूस सोबत उभा राहिला तर आई असणे आड येत नाही, ते असे.

पण याच होमाईंचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते नवऱ्याच्या नावाने! बाईचे नाव कोण छापणार? होमाई पारशी, शिकलेल्या, शहरात वाढलेल्या. त्यांची ही गत, तर गावकुसाच्या लेकीचे काय? नवराबायकोच्या स्टुडिओत बाई फोटो काढते, अल्बमवर नाव मात्र त्याचे. वकील म्हणून सांगतो, 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारी व्यक्ती. पैसे देऊन लग्नाचे फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसला, तर हक्क काढून घेणाऱ्याकडे जातात. पण कलम 57 प्रमाणे हे काम माझे, असे सांगण्याचा कर्त्याचा अधिकार त्यानंतरही शिल्लक राहतो. हे किती जणींना ठाऊक आहे?

आता बाळंतपणाचे पाहा. 1928 साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे असून त्याचा काही भार सरकारने उचलावा, ही त्यांची भूमिका होती. 2017 च्या दुरुस्तीने पगारी रजा 26 आठवड्यांची झाली, 50 कामगार असतील तिथे पाळणाघर आले. पण हे सारे आस्थापनेतल्या नोकरदार बाईला. घरी लेकरू आणि हंगामात लग्नाच्या ऑर्डरी, अशा स्वतंत्र फोटोग्राफर आईला यातले काय मिळते? तिचा मालकच नाही, मग रजा कोणाकडे मागायची?

2019 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवते, पुरुष 97. म्हणजे जवळपास पाच तास. फोटो निवडायचे, दुरुस्त करायचे, अल्बम लावायचा तर ते लेकरू झोपल्यावर! या श्रमाची किंमत नाही काय? आहे. जानेवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या खटल्यात गृहिणीच्या श्रमाला काल्पनिक उत्पन्न धरून नुकसानभरपाई मोजली. पण तो खटला अपघातात मेलेल्या जोडप्याचा. बाई मेल्यावर तिच्या घरकामाची किंमत कोर्टात लागते, जिवंतपणी घरात लागत नाही.

सरकार करील तेव्हा करील. आपल्या जयंती समित्या तरी काय करतात? मंडप, डीजे, कमानी यांना वर्गणी पुरते. येत्या 14 एप्रिलला प्रत्येक गावाने मिरवणुकीचे फोटो काढण्याचे काम गावातल्याच एखाद्या फोटोग्राफर आईला द्यावे. ठरलेली रक्कम आगाऊ द्यावी, फोटोखाली तिचे नाव छापावे आणि त्या दिवशी तिचे लेकरू तिच्या नवऱ्याने सांभाळावे. नवऱ्याला मिरवणुकीत नाचायचेच असेल, तर लेकरू खांद्यावर घेऊन नाचावे.