कांद्याची बातमी ताजी की शिळी? फीड रीडर वापरून पाहा

चाळीत उन्हाळ कांदा आहे आणि मोबाइलवर मेसेज येतो, ‘निर्यात शुल्क उठले’. त्यावर तारीख नाही, मूळ कुणाचे तेही नाही. आता माल काढायचा की थांबायचे?

हा प्रश्न साधा नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कांदा निर्यातबंदी आली. मे २०२४ मध्ये ती उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लागले. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेले, शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून तेही हटले. यातली कोणतीही जुनी बातमी पुन्हा फिरली, तर ताजीच वाटते.

अशा वेळी फीड कामाला येते. अनेक संकेतस्थळे आपल्या नव्या मजकुराची यादी एका फाइलमध्ये ठेवतात. त्यात शीर्षक, दुवा आणि बहुधा तारीखही असते. हीच आरएसएस फीड. फीड रीडर हे अॅप तुम्ही निवडलेल्या फीड अधूनमधून तपासते आणि नवे ते एका जागी, वेळेच्या क्रमाने दाखवते. दहा ठिकाणी फिरायला नको.

फीडली किंवा तसे एखादे अॅप घ्या. शोधाच्या चौकटीत संकेतस्थळाचा पत्ता टाका. फीड असेल तर बहुतेक वेळा अॅपच ती शोधते. केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाची फीड आहे, ती आधी जोडा. यूट्यूब वाहिन्यांनाही फीड असते, त्यामुळे तुमच्या भरवशाच्या कृषी वाहिनीचा पत्ता टाकून बघा. रेडिटवरच्या शेतीविषयक चर्चांच्या पत्त्यापुढे ‘डॉट आरएसएस’ जोडले की त्यांचीही फीड मिळते. बाजार, हवामान, पीक असे वेगळे कप्पे केलेत तर हंगामात शोधाशोध वाचते. सुरुवातीला पाच-सहा फीड पुष्कळ झाल्या, नाहीतर तोही एक न वाचलेला ढीग होतो!

व्हॉट्सअॅप गटांना फीड नसते. तिथे आलेला मेसेज रीडरमध्ये शोधा. मूळ अधिसूचनेची बातमी आणि तारीख सापडली तरच व्यापाऱ्याशी बोला. चर्चेत कुणी फवारणीचे प्रमाण लिहिले असेल, तर ते फीडमध्ये आले म्हणून खरे ठरत नाही. औषधाच्या डब्यावरचे लेबल बघा. आणि विजेच्या इशाऱ्यासाठी फीडवर विसंबू नका, ती उशिरा येऊ शकते. त्यासाठी ‘दामिनी’ अॅप वेगळे ठेवा.