दर्जाच्या नावाखाली बंद झालेले दरवाजे

‘गुणवत्ता ढासळेल’ ही ओरड आपण इतक्या वेळा ऐकली आहे की ती आपल्याच देशात जन्मली असावी असे वाटते. पण अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणाचा इतिहास चाळला तर तेथेही तीच ओरड ऐकू येते. तिची किंमत कोणी मोजली, हेही तेथे स्पष्ट दिसते.

१९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांनी कार्नेगी फाउंडेशनसाठी अमेरिका व कॅनडातील १५५ वैद्यकीय महाविद्यालयांचा अहवाल लिहिला. ते स्वतः डॉक्टर नव्हते, शिक्षक होते. फी घेऊन पदव्या विकणाऱ्या दुकानांचे त्यांनी वाभाडे काढले. प्रयोगशाळा हवी, विज्ञानाचे पूर्वशिक्षण हवे, संलग्न रुग्णालय हवे, असा आग्रह धरला. तो योग्यच होता.

प्रश्न पुढचा आहे. हे सारे उभारायला पैसा कोणाकडे होता?

गुलामगिरी संपून तेव्हा पन्नास वर्षेही झाली नव्हती. कृष्णवर्णीयांसाठी सात वैद्यकीय महाविद्यालये होती. अहवालाने त्यांतील हॉवर्ड आणि मेहॅरी ही दोनच टिकवावीत असे सुचविले. उरलेल्या पाचांना मदत देऊन सुधारण्याचा मार्ग कोणी धरला नाही. मोठ्या देणग्या जॉन्स हॉपकिन्ससारख्या संपन्न संस्थांकडे वळल्या आणि १९२३ पर्यंत ती पाचही बंद पडली. कृष्णवर्णीय डॉक्टर हवेत याचे एक प्रमुख कारण अहवालाने काय दिले? तर त्यांच्या वस्तीतला रोग गोऱ्यांपर्यंत पोहोचू नये!

वैद्यकीय नियतकालिकांची कथा वेगळी नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे नियतकालिक १८८३ मध्ये सुरू झाले. पण दक्षिणेतल्या स्थानिक वैद्यकीय संघटना कृष्णवर्णीय डॉक्टरांना सभासद करून घेत नसत. म्हणून १८९५ मध्ये अटलांटा येथे त्यांनी नॅशनल मेडिकल असोसिएशन स्थापन केली आणि १९०९ मध्ये स्वतःचे नियतकालिक काढले. डॉ. चार्ल्स व्हिक्टर रोमन त्याचे पहिले संपादक. न्यायालयात आम्ही वकील एक गोष्ट रोज अनुभवतो: ज्याची नोंद नाही, त्याचा पुरावा नाही. त्या डॉक्टरांनी हे वेळीच ओळखले होते.

२००८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या वंशभेदाबद्दल जाहीर माफी मागितली. २०२० मध्ये तिच्याच एका नियतकालिकात संशोधन प्रसिद्ध झाले. ती पाच महाविद्यालये चालू राहिली असती तर २०१९ पर्यंत आणखी ३५ हजारांवर डॉक्टर घडले असते, असा त्याचा अंदाज. आणि मुख्य नियतकालिकाच्या संपादकपदी कृष्णवर्णीय व्यक्ती येण्यास २०२२ साल उजाडावे लागले. म्हणजे १३९ वर्षे!

आपल्याकडे दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणारी भेदभावाची वागणूक डॉ. सुखदेव थोरात समितीने २००७ मध्ये नोंदवून ठेवली. अशी नोंद किती मोलाची असते, हे अमेरिकेच्या उदाहरणावरून कळावे.

दर्जाला आपला विरोध नाही. रुग्णाच्या जिवाशी खेळ कोणालाच नको. मात्र दर्जाची अट घालणाऱ्याने तो गाठण्याची साधनेही दिली पाहिजेत. साधने न देता घातलेली अट ही गुणवत्तेची कसोटी नसते, ते दाराला लावलेले कुलूप असते. आपल्या डॉक्टरांनी, विद्यार्थ्यांनी म्हणूनच आपले अनुभव लिहून ठेवावेत. माफी शंभर वर्षांनी मिळते. नोंद आजच करता येते.