चित्रात आहे ते कवितेत नको

माझ्या पहिल्या वर्षाच्या लॅब नोटबुकात बुरशीच्या एका प्लेटचं पेन्सिलनं काढलेलं चित्र आहे. खाली एवढंच: ‘खराब झाली, टाकली.’ कडेचा रंग कोणता होता? प्लेट किती दिवसांची होती? काहीच नोंद नाही. निष्कर्ष उरला, निरीक्षण गेलं. प्रयोग पुन्हा करावा लागला.

नेमकं काय चुकलं, ते मला हायगामुळे कळलं. हायगा म्हणजे मोजक्या रेषांचं जपानी चित्र आणि सोबत हायकू. योसा बुसोन (१७१६–१७८४) हा कवीही होता आणि चित्रकारही. बाशोच्या प्रवासवर्णनासाठीही त्याने अशी चित्रं काढली. चांगल्या हायगात चित्र आणि कविता एकमेकांचं बोलणं परत सांगत नाहीत.

करून बघा. दाराबाहेर टेकवलेली ओली छत्री काढा. आता ‘ओली छत्री’ लिहू नका, ती दिसतेच आहे. चित्रात न मावणारं लिहा:

चहाचा वास
आतलं बोलणं
मधेच थांबतं

आत भांडण झालंय असं मी कुठेच म्हटलेलं नाही. तो अंदाज तुमचा!

५-७-५ मोजत बसू नका. जपानीत मोजतात ते ‘ओन’, आपल्या मात्रेच्या जवळचं. ‘तोक्यो’ चार ओनांचा होतो: तो-ओ-क्यो-ओ. मराठी अक्षरं मोजून ते जमत नाही. शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेल्या हायकूतही महत्त्व आहे ते तीन ओळींत पकडलेल्या क्षणाला.

हल्ली प्लेटच्या चित्राखाली मी आधी तीन ओळी लिहिते: रंग, दिवस, तापमान. निष्कर्ष पुढच्या पानावर.