घरबसल्या काम हवंय? आधी पैसे कोण मागतो ते पाहा!

शेतकरी बंधूंनो, तुमचा पदवी झालेला मुलगा किंवा मुलगी मोबाईल पुढे करून म्हणेल, "बाबा, गूगलचं घरबसल्या काम आहे, फक्त दोन हजार भरायचेत." खिशात हात घालण्याआधी एवढे वाचा.

असे काम खरोखर आहे. आपण मोबाईलवर 'लासलगाव कांदा भाव' शोधतो. उत्तरात गेल्या वर्षीचा भाव आला तर तो काय कामाचा? आलेले उत्तर उपयोगी आहे का, माहिती देणारा भरवशाचा आहे का, हे तपासून श्रेणी देणारी माणसे लागतात. जगभरात अशी सुमारे १६ हजार माणसे असल्याचे गूगल सांगते. गावच्या भाऊसाहेबांना पीक कापणी प्रयोग ठाऊक आहे. निवडक प्लॉट कापून मंडळाच्या उत्पादनाचा अंदाज काढतात, त्यातलाच हा प्रकार. कुणी कमी श्रेणी दिली म्हणून ते पान लगेच खाली जात नाही. शोधयंत्रणा एकूण बरी चालते का, एवढे त्यावरून पाहतात.

ही माणसे गूगलची नोकरदार नसतात. मधल्या कंत्राटदार कंपन्या त्यांना घेतात. जेवढे काम, तेवढेच दाम. आणि काम रोज मिळेलच असे नाही. जानेवारी २०२४ मध्ये गूगलने ॲपेन या ऑस्ट्रेलियन कंपनीचा करार संपवला आणि मार्चमध्ये ते काम थांबले. तेव्हा ही रोजंदारी समजा. हिच्या भरवशावर कर्ज काढू नका.

अर्ज कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच करावा. मराठीसाठी जागा निघाली आहे का, ते आधी पाहावे. ती नेहमी नसते. निवडीसाठी परीक्षा असते. तिचा आधार म्हणजे गूगलची इंग्रजी मार्गदर्शिका. दीडशेहून अधिक पानांची ही पुस्तिका २०१५ पासून सर्वांना फुकट खुली आहे. ती मुलांनी नीट वाचावी. इंग्रजी कच्चे असेल तर आधी ते पक्के करावे. बँक पासबुक, पॅन आणि आधारवर नाव एकसारखे असावे, नाहीतर मोबदला अडकतो.

आता मुख्य गोष्ट. मजुरी देणारा मजुराकडून पैसे घेतो का कधी? नोंदणी फी, डिपॉझिट, ट्रेनिंगचे पैसे मागितले की समजा, तो लुबाडणारा. काही जण आधी शे-दोनशे रुपये देऊन विश्वास बसवतात आणि मग हजारो भरायला लावतात. बँकेचा ओटीपी तर कुणालाच सांगू नका.

पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी.

आणि भाऊसाहेब, तुम्हालाही एक विनंती. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहा आणि येत्या ग्रामसभेत वाचून दाखवा. एका घरचे दोन हजार वाचले तरी खडूचे पैसे वसूल झाले!