गोळी सुरू करण्याआधी

मनाचे आजार, घरातले प्रश्न : लेखांक ६

मागच्या आठवड्यात नैराश्य सौम्य आहे, मध्यम आहे की तीव्र, हे डॉक्टर कसं ठरवतात ते पाहिलं. त्यापुढचा प्रश्न बहुतेक घरांत अडून बसतो : गोळ्या सुरू करायच्या का? उत्तर शोधताना मला गोव्यातले दोन अभ्यास फार महत्त्वाचे वाटतात. दोन्ही आपल्यासारख्याच माणसांवर झाले आणि वरवर पाहता त्यांची उत्तरं एकमेकांविरुद्ध आहेत.

पहिला २००३ साली 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्य किंवा चिंतेने त्रासलेल्या ४५० जणांचे तीन गट केले. एका गटाला फ्लुओक्सेटिन दिलं, दुसऱ्याला दिसायला तशीच पण आत औषध नसलेली गोळी, तिसऱ्याला समुपदेशन. दोन महिन्यांनी फ्लुओक्सेटिन घेणारे नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा बरे होते. समुपदेशनाला मात्र नकली गोळीच्या पुढे जाता आलं नाही.

दुसरा अभ्यास २०१७चा, त्याच नियतकालिकातला. पटेल ज्या 'संगाथ' संस्थेच्या संस्थापकांपैकी एक आहेत, तिने तो गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत केला. यातल्या ४९५ जणांचं नैराश्य किरकोळ नव्हतं, बऱ्यापैकी तीव्र होतं. सगळ्यांच्या डॉक्टरांना निदान कळवलं होतं, उपचारांचं मार्गदर्शनही दिलं होतं. त्यांपैकी निम्म्यांना शिवाय सहा ते आठ भेटी मिळाल्या. भेटणारे समुपदेशक मानसोपचाराची पदवी नसलेले, पण या कामासाठी नीट तयार केलेले स्थानिक लोक होते. खचलेला माणूस जी कामं, जी माणसं टाळू लागतो, त्यांच्याकडे त्याला छोट्या छोट्या टप्प्यांनी परत न्यायचं, हे त्यांच्या पद्धतीचं सूत्र. तीन महिन्यांनी या गटातल्या ६४ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं होतं. ज्यांना भेटी मिळाल्या नाहीत त्यांच्यात ३९ टक्के.

मग खरं कोणतं? माझ्या मते दोन्ही. औषधाचा उपयोग होतो. बोलण्याच्या उपचाराचाही होतो, पण कोणत्याही गप्पांना उपचार म्हणता येत नाही. पद्धत ठरलेली हवी, भेटी ठरलेल्या हव्यात. 'कोणाशी तरी मन मोकळं कर' या सल्ल्यामागे माया असते, तरी तेवढ्याने हे काम होत नाही.

औषधांबद्दलचा मोठा पुरावा २०१८ साली आला. ५२२ चाचण्या आणि एक लाख सोळा हजारांहून अधिक माणसांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा २१ च्या २१ औषधं नकली गोळीपेक्षा सरस ठरली. पण सरासरी फरक माफक होता, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. नैराश्य जितकं खोल, तितका औषधाचा फरक ठळक. सौम्य असेल तर तो जेमतेम. म्हणूनच ब्रिटनची 'नाइस' ही संस्था २०२२पासून सांगते की कमी तीव्रतेच्या नैराश्यात, रुग्णाची स्वतःची इच्छा नसेल तर, पहिला उपाय म्हणून सरसकट गोळ्या देऊ नयेत.

तेव्हा सौम्य नैराश्यात थोडं थांबून, झोप, हालचाल आणि बोलण्याचे उपचार यांना संधी देण्यात शहाणपण आहे. पण जेवण तुटलंय, अंथरूण सुटत नाही, जगण्यात अर्थ नाही असं माणूस म्हणू लागलाय, अशा वेळी घरच्यांनी 'गोळ्यांशिवाय बघू' म्हणून आठवडे घालवणं मला अन्यायाचं वाटतं. आणि मध्यम नैराश्यात आपल्या तालुक्यात काय उपलब्ध आहे हे निर्णायक ठरतं. चांगला समुपदेशक गाठायला दर आठवड्याला शंभर किलोमीटरचा प्रवास करावा लागणार असेल, तर त्याची वाट पाहत बसणं हा काही उपचार नव्हे.

सगळ्यांत मोठी भीती असते सवय लागण्याची. ही भीती निराधार नाही, चुकीच्या गोळीला चिकटली आहे. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम अशा मन शांत करणाऱ्या, झोप आणणाऱ्या गोळ्यांची खरोखरच सवय लागते. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळ्यांची तशी तलफ येत नाही, डोसही वाढवत न्यावासा वाटत नाही. घोटाळा असा की आपल्याकडे एस्सिटॅलोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतात. त्यामुळे पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचा आणि डॉक्टरांना सरळ विचारा, यात झोपेचं औषध आहे का, असेल तर ते किती आठवड्यांत बंद करायचं?

तरीही नैराश्याची गोळी एका दिवसात तोडली तर चक्कर, चिडचिड, झोपमोड, डोक्यात झिणझिण्या असा त्रास होऊ शकतो. २०२४ साली अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर अंदाज निघाला की गोळी थांबवणाऱ्या साधारण सहा-सात जणांपैकी एकाला औषध सुटल्यामुळेच असा त्रास होतो. तीव्र त्रास त्याहून बऱ्याच कमी जणांना. डोस हळूहळू उतरवत नेणं हाच त्यावरचा मार्ग. बरं वाटू लागल्यावर लगेच थांबवू नये, निदान सहा महिने तरी गोळी चालू ठेवावी, असं डॉक्टर सांगतात त्याला कारण आहे. ब्रिटनमधल्या एका चाचणीत दीर्घकाळ गोळ्या घेऊन बऱ्या झालेल्यांपैकी ज्यांनी त्या चालू ठेवल्या, त्यांतल्या ३९ टक्के लोकांना वर्षभरात नैराश्याने पुन्हा गाठलं. ज्यांची गोळी हळूहळू बंद केली, त्यांच्यात हे प्रमाण ५६ टक्के होतं. याचा दुसरा अर्थही बघा : गोळी थांबवलेल्यांपैकी ४४ टक्के लोक त्या वर्षात ठीक राहिले. जन्मभराची बेडी म्हणतात ती सगळ्यांच्या पायात पडत नाही.

सुरुवातीचा काळ मात्र अवघड असतो. मळमळ, बेचैनी पहिल्या आठवड्यापासूनच जाणवते. आराम पडायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. हे आधी सांगितलेलं नसेल तर माणूस दहाव्या दिवशी पट्टी कपाटात टाकतो. लैंगिक इच्छा मंदावणं हा परिणामही पुष्कळांना होतो आणि आपल्याकडे ना रुग्ण विचारतो, ना डॉक्टर बोलतात. नवरा-बायकोत यावरून गैरसमज वाढण्यापेक्षा पहिल्याच भेटीत विचारलेलं बरं. डोस किंवा औषध बदलता येतं. पूर्वी कधी अनेक दिवस झोपेची गरजच वाटू नये इतका उत्साह, बेफाम खर्च, न थांबणारं बोलणं असं झालं असेल तर तेही सांगा. तो द्विध्रुवी आजार असू शकतो आणि त्यात नुसती नैराश्याची गोळी दिली तर उन्माद उसळण्याचा धोका असतो.

वयाची पंचविशी न ओलांडलेल्यांच्या बाबतीत घरच्यांनी जास्त जागरूक राहायला हवं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मुलांवरच्या चाचण्या तपासल्या तेव्हा आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं औषध घेणाऱ्यांत ४ टक्के आढळलं, नकली गोळी घेणाऱ्यांत २ टक्के. त्या चाचण्यांत आत्महत्या एकही झाली नव्हती. यावरून २००४ साली वेष्टनावर ठळक इशारा आला आणि २००७मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांनाही लागू झाला. गोळी सुरू केल्यावरचे आणि डोस बदलल्यावरचे पहिले काही आठवडे घरातल्या एकाने रोज विचारपूस करायची, हे गोळीच्या आधीच ठरवून टाकावं. मुलगा किंवा मुलगी एकाएकी अस्वस्थ झाली, मरणाचं बोलू लागली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. रात्री-अपरात्री कोणी सापडत नसेल तर 'टेली-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो. त्यावर मराठीतूनही बोलता येतं आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत.